हवेला हद्द नसते

मुलामुलींनो, पाणी गढूळ असले तर आपण ते पीत नाही. अन्नाला वास आला तर ताट बाजूला सारतो. हवेचे मात्र तसे नाही. ती कशीही असली तरी श्वास घ्यावाच लागतो. म्हणून हवा चांगली की वाईट, हे सतत मोजावे लागते.

आपल्या मीरा-भाईंदरचा नकाशा पाहा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मुंबईचे दहिसर आणि पूर्वेला घोडबंदर रस्त्याने ठाणे. महामार्गावर रात्रंदिवस वाहने धावतात. नव्या इमारतींच्या कामांची धूळ उडते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. उत्तनच्या डम्पिंग ग्राउंडवर आग लागली की धूर दूरवर पसरतो. पावसाळ्यात पाऊस ही घाण धुऊन काढतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व जड होते, वारा मंद पडतो आणि धूळ व धूर खालीच साचतात.

ही धूळ मोजतात कशी? यंत्र हवा ओढते आणि एका गाळणकागदातून सोडते. कागदाचे वजन आधीच केलेले असते. ठरलेल्या वेळेनंतर ते पुन्हा करतात. जेवढे वजन वाढले, तेवढी धूळ! काही यंत्रे हेच काम तासातासाला आपोआप करतात. सर्वांत घातक कण २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. आपला केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून अंदाज करा. असे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार एक घनमीटर हवेत त्यांची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी.

लोकांना समजावे म्हणून २०१५ साली राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. यात प्रदूषकांची सरासरी काढत नाहीत. ज्या प्रदूषकाचा आकडा सर्वांत मोठा, तोच त्या ठिकाणचा निर्देशांक. गणितात नापास झालेल्या मुलाला चित्रकलेचे गुण वाचवत नाहीत, तसेच हे!

राज्यात हवेवर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. त्यासाठी १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आहे. पण दहिसरचा धूर नाक्यावर थांबत नाही आणि आपला धूर खाडी ओलांडून वसईला जातो. म्हणूनच २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांच्या वेळेवर बंधन घातले, तेव्हा ते फक्त मुंबईपुरते नव्हते, तर मुंबई महानगर प्रदेशातील महापालिकांसाठी होते. उपाय करायचा तर शेजाऱ्यांनी मिळूनच करावा लागतो.

यात तुमचे काम कोणते? निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी दम्याचा त्रास असलेल्या धाकट्या भावाला बाहेर धावायला नेऊ नका. दादीला पहाटे फिरायला न जाण्याची विनंती करा. आणि एक गोष्ट विसरू नका. यंत्र जिथे उभे आहे, तिथलीच हवा ते मोजते. तुमच्या गल्लीत जळणारा कचरा त्याला दिसत नाही. तो तुम्हांला दिसतो. तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत लिहा. मोठ्यांच्या मदतीने महापालिकेकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. ‘फार धूर होतो’ या तक्रारीपेक्षा दहा तारखांची नोंद अधिक बोलते.

शब्दार्थ
गढूळ – गाळ मिसळलेले; देखरेख – निगराणी; पोच – मिळाल्याची पावती

स्वाध्याय
१. हिवाळ्यात हवा अधिक खराब का होते?
२. निर्देशांक ठरवताना सरासरी का काढत नसतील? तुमचे मत लिहा.
३. आठवडाभर आपल्या गल्लीतील धूर व धूळ यांची नोंद ठेवा.