भुसावळचे गिलसाहेब आणि त्यांची जळालेली चित्रे

अजिंठ्याची लेणी तुम्हाला माहीत आहेतच. पण ती चित्रे उतरवून घेणाऱ्या एका चित्रकाराची कबर आपल्या भुसावळला आहे, हे किती जणांना माहीत आहे? मला तरी गुरुजींनी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

त्यांचे नाव मेजर रॉबर्ट गिल. ते मद्रासच्या फौजेत होते. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना अजिंठ्याची चित्रे उतरवायला सांगितले. लेण्यांत अंधार, वटवाघळे आणि बाहेर जंगल. तरी त्यांनी कितीतरी वर्षे तिथे राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात चित्रे काढली. ती लंडनला गेली. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला टांगली. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळाली! तिथे नव्हती ती चार-पाच फक्त वाचली. माझी चित्रकलेची वही पावसात भिजली तर मी दोन दिवस रुसले होते. गिलसाहेब पुन्हा कामाला लागले. १८७९ साली ते वारले.

नंतर १८७२ पासून ग्रिफिथ्स नावाच्या साहेबांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी नेऊन पुन्हा चित्रे उतरवली. तीसुद्धा लंडनला गेली, आणि १८८५ साली आगीत त्यातली बरीच जळाली. माझी आजी म्हणाली, "एकदा जळाली ना, मग परत तिकडंच कशाला पाठवली?" त्यात चित्रे नीट दिसावीत म्हणून लेण्यांच्या भिंतींना वार्निश लावले होते. ते पुढे पिवळे पडले, म्हणजे मूळ चित्रांचेही नुकसान झाले.

तेव्हा रंगीत फोटोची सोय नव्हती. म्हणून जळालेल्या चित्रांचे रंग आता कुणालाच दिसणार नाहीत.

उरलेली चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. आपल्यातलं कोण लंडनला जाणार? पण म्युझियमने त्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवले आहेत. गुरुजींनी ते मोबाइलवर दाखवले. दोन बोटांनी मोठं केलं की रंगाचे तडेपण दिसतात. मात्र मोबाइलवर सगळी चित्रे एवढीशीच वाटतात. म्हणून खाली लांबी-रुंदी लिहिलेली असते. गुरुजींनी एका चित्राचे माप खडूने वर्गात आखले, तर सगळे बाक हलवावे लागले! चित्रकार कोण, साल कोणते, कशावर आणि कोणत्या रंगाने काढले, हेही तिथे लिहिलेले असते.

आता आम्हीही आमच्या चित्रांचे फोटो काढून ठेवतो आहोत. चित्र सपाट ठेवायचे, मोबाइल बरोबर समोर धरायचा, तिरपा नाही. कडक ऊन नको, फ्लॅशही नको. शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे माप कळते. मागे नाव, इयत्ता, तारीख लिहायची. माझ्या पोळ्याच्या बैलावर माझ्याच डोक्याची सावली पडली आणि बैल अर्धा काळा आला. उद्या सकाळी व्हरांड्यात पुन्हा काढायचा आहे.