पदराला माइक लावायच्या आधी

माइक घ्यायचा ठरवलास, बरं केलंस. तुझे गोळाभाताचा आणि पातोडीच्या रश्शाचा असे दोन्ही व्हिडिओ मी पाहिले. रश्शावरची तर्री बघून भूक लागली, खरं सांगते. पण तू काय बोलतेस ते कळायला आवाज पूर्ण वाढवावा लागला, आणि तो वाढवला तशी शेजारची पिठाची गिरणीही वाढली. चित्र जरा अंधुक असलं तर लोक चालवून घेतात वं. बोलणं कळलं नाही तर कोणी थांबत नाही, अंगठ्याने तुला वर सरकवून पुढे जातात.

तेव्हा दुकानात जायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घे. माइक तुझा आवाज सुधारत नाही, तो फक्त तुझ्या तोंडाजवळ येतो. तू फोन पाच-सहा फुटांवर ठेवतेस, म्हणजे फोनमधला माइकही तेवढ्याच लांब. अंतर दुप्पट झालं की तुझा थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो, गिरणीचा मात्र आहे तिथेच राहतो. छातीवर लावलेला साधा माइक लांब ठेवलेल्या महागड्या फोनला हरवतो तो एवढ्यासाठीच. जवळ येणं विकत घ्यायचं आहे, आणि ते स्वस्तात मिळतं.

स्वस्तात का मिळतं, तेही ऐक. 1962 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी असा माइक बनवला की ज्याच्या आतला पातळ पडदा विद्युतभार कायमचा धरून ठेवतो. त्याला इलेक्ट्रेट म्हणतात. त्याआधीच्या कंडेन्सर माइकला तो भार द्यायला बाहेरून मोठा वीजपुरवठा लागायचा. याला फोनमधून येणारी जराशी वीज पुरते. तेच तंत्र पुढे जगभर फोनमध्ये आणि या क्लिपवाल्या माइकमध्ये गेलं. आतला दाणा काही रुपयांचा असतो. म्हणून दुकानदार ‘ताई, आतलं मशीन इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर हस आणि वायर बघ. तुझे पैसे जातात ते वायर, पिन आणि क्लिप यांच्यात, आणि बिघडतंही तेच.

आता वायरचा घ्यावा की बिनवायरचा? माझं मत विचारशील तर पहिला माइक वायरचाच घे. बिनवायरचे स्वस्त जोड आता गल्लोगल्ली मिळतात, रील करणाऱ्या पोरांच्या कॉलरवर तेच दिसतात, आणि मोह होतो हे मला कळतं. पण त्यांना चार्ज करावं लागतं, आणि आपल्याकडची लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. ते वायफाय आणि ब्लूटूथच्याच 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. त्या लहरी अंगाने अडतात, म्हणून तू फोनकडे पाठ केलीस की मध्ये तुझंच अंग येतं आणि आवाज तुटतो. त्यावर आवाज गाळायचं एक बटण असतं, ते दाबलं की कूलर जातो खरा, पण बोलणारी बाई विहिरीच्या तळातून बोलतेय असं वाटतं. शिवाय ओप्पो, व्हिवो, रिअलमीसारख्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे बाहेरची वस्तू फोनला जोडायची सोय, चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. मग ‘माइक खराब निघाला’ म्हणून माणूस दुकानात भांडायला जातो. शेतातून चालत चालत बोलायचं असेल तेव्हा बिनवायरचा घे, नाही कोण म्हणतं? चुलीपुढे बसून बोलणाऱ्याला त्याची गरज नाही.

वायरच्यात बोयाचा बी-वाय-एम-वन बरीच वर्षं चाललेला आहे, हजाराच्या आत येतो. त्याची वायर 6 मीटर लांब आहे, म्हणजे फोन अंगणात आणि तू ओट्यावर असलीस तरी पुरेल. त्याच्या डबीवर एक खटका असतो: एकीकडे स्मार्टफोन, दुसरीकडे कॅमेरा. फोनला लावलास तर खटका स्मार्टफोनकडे ठेव. आतला बटणसेल कॅमेऱ्यासाठी आहे. याच्याहून स्वस्त, दोन-तीनशेचे बिननावाचेही मिळतात आणि तुझ्या कामाला तेही चालतील. त्यांची वायर आखूड आणि बारीक असते, एवढंच. वायर पिनेपाशी तुटते, हे लक्षात ठेव. तुटली तर फेकू नको, मोबाइल दुरुस्त करणारा नवी पिन डाक लावून देतो.

पिनेवर काळे पट्टे असतात ते मोज. फोनला तीन पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची कॅमेऱ्यासाठी असते, ती फोनमध्ये बसते पण फोन तिला ओळखत नाही. तुझ्या नव्या फोनला गोल भोकच नसेल, नुसतं टाइप-सी असेल, तर सरळ टाइप-सी पिनेचा माइक माग, म्हणजे मध्ये जोडणीचा तुकडा लागणार नाही. तुकडा घ्यावाच लागला तर तो तुझ्याच फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. सगळे तुकडे सगळ्या फोनला चालत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. यवतमाळच्या दत्त चौकात घे नाहीतर ऑनलाइन घे, पण परत करता येईल असंच घे.

आणि दुकानातच एक परीक्षा कर. व्हिडिओ सुरू कर, माइकच्या जाळीवरून नख हळूच फिरव, मग फोनच्या खालच्या भोकापाशी फिरव. नंतर इअरफोन लावून ऐक. जिथे खरखर मोठी आली, तो माइक चालू आहे. हे सांगते कारण माइक लावून तासभर बोललेल्या कितीतरी बायांचा आवाज फोनच्याच माइकने घेतलेला असतो, आणि त्यांना ते कळतही नाही. काही फोनचा स्वतःचा कॅमेरा बाहेरच्या माइकला दादच देत नाही. तेव्हा ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप घे. त्याच्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आवाज कुठून घ्यायचा ते विचारतात, तिथे बाहेरचा माइक निवड.

आता लावायचं कसं. हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध. गळ्याला चिकटवलास तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबतो, पोटाकडे नेलास तर लांब जातो. हे माइक चहूकडून ऐकतात, म्हणून तोंड वर की खाली याची चिंता नको. चिंता कर ती साडीची. सिंथेटिक साडी सळसळते, खळ दिलेली नवी साडी कडकड वाजते. धुऊन मऊ झालेली सुती साडी सगळ्यात बरी. डोक्यावरून पदर असेल तर माइक पदराला लावू नको, मान हलली की पदर हलतो. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लाव आणि पदर त्याच्यावरून घासणार नाही असा पिनेने बसव. मंगळसूत्राचे मणी माइकला लागले की टकटक ऐकू येते. ते एका बाजूला सारून पिनेने अडकव. मंगळसूत्र दिसलं नाही तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न तुझ्या सासूबाई विचारतील, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

क्लिपच्या खाली वायरचा छोटा वेढा करून तो दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीने कापडाला लाव, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. वायर पदराखालून कमरेला खोचून ने आणि पुढे थोडी सैल सोड. नाहीतर तू मीठ घ्यायला उठशील आणि फोन स्टँडसकट कढईत येईल.

आवाज जवळ आला की मग आजूबाजूचं घर ऐकू यायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा कूलर बंद करून बस असं मी कोणत्या तोंडाने सांगू? सकाळी साडेपाच-सहाला उरकून घे. तेव्हा गिरणी बंद असते, टँकर आलेला नसतो, आणि रस्त्यावर गाड्याही कमी असतात. पावसाळ्यात टिनाखाली बसून बोलायला जाऊ नको, सर सुरू झाली की कोणताही माइक हात टेकतो. फोडणीची चुर्र मात्र येऊ दे. ती लपवायची नाही, फक्त ती होईपर्यंत बोलायचं थांब. बोलण्याच्या आधी दहा सेकंद गप्प बसून नुसता खोलीचा आवाज घेत जा. त्यात फ्रीजची घरघर, छताचा पंखा, नळाचं टपटप, सगळं कळतं.

मोकळ्या, सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-गोधड्या रचलेली खोली निवड, नाही तर समोर दोरीवर जाड चादर टाक. आपल्या जिल्ह्यात तर एक स्टुडिओ फुकटच असतो. भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर ज्या खोलीत कापूस भरून ठेवतात, ती खोली. कापूस आवाज असा पितो की बोललेलं परत येत नाही. भाव मिळत नाही त्याचा एवढा तरी उपयोग! पण आत शिरून बसू नको, अंगाला खाज सुटते, आणि कापसाजवळ चूल, गॅस, तापणारा दिवा काही म्हणजे काही नेऊ नको. दाराबाहेर बस, तोंड कापसाकडे कर, फोन उंबरठ्यावर ठेव.

वेचणीला सुरुवात करताना सीतादहीची पूजा होते, ती तुला दाखवायची आहे म्हणालीस. जरूर दाखव, शहरातल्या मराठी माणसाने ती पाहिलेलीही नसते. पण शेतात वारा असतो, आणि माइकबरोबर येणारी स्पंजची टोपी पंख्याची झुळूक अडवते, शेतातला वारा नाही. त्याला केसाळ टोपी लागते. विकत मिळाली तर ठीक, नाही तर पोरांच्या जुन्या मऊ खेळण्याचं केसाळ कापड कापून शिव. शिवायच्या आधी त्यातून फुंकून बघ. हवा पलीकडे गेली पाहिजे, नाहीतर आवाज कोंडतो. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा, म्हणजे तुझं अंगच आडोसा होतं.

आता जरा दुसरं बोलते, हे माइकचं नाही. माइक लावल्याबरोबर तू ‘नमस्कार मैत्रिणींनो’ करून पुण्याची होतेस. कशाला? वर्ध्याचे नितेश कराळे स्पर्धा परीक्षेचे तास वऱ्हाडीतच घ्यायचे. 2020च्या लॉकडाउनमध्ये ते तास ऑनलाइन गेले आणि महाराष्ट्रभर पोचले, ते बोलीसकट. नगरकडच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून स्वयंपाक शिकवतात, त्याही आपल्या गावच्याच बोलीत. आणि आपल्या यवतमाळात जानेवारी 2019मध्ये साहित्य संमेलन झालं, तेव्हा नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटनाला उभ्या राहिल्या त्या कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. मोठमोठे लेखक समोर बसले होते आणि ऐकत होते. तुझं ‘काऊन’ आणि ‘लय’ ऐकून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. नुसता वेग कमी कर. तू घाईत शेवटचे शब्द गिळतेस, आणि गिळलेला शब्द कोणताही माइक बाहेर काढत नाही.

एक लोभ मलाही आहे, तो सांगून टाकते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी बायांचा आवाज आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. आपल्याकडे आजेसासूबाई आहेत, शेजारी तांड्यावर होळीच्या लेंगी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, पलीकडच्या पोडावर कोलामी बोलणारी माणसं आहेत. तुझ्याकडे माइक आला की त्यांनाही लाव. आधी विचारून, आणि कुठे टाकणार ते सांगून. आजेसासूबाईंना लावशील तेव्हा जातं आणि गाणं दोन्ही आलं पाहिजे, म्हणून माइक छातीवरच ठेव, जात्याला बांधायला जाऊ नको.

एवढं करून पहिला व्हिडिओ तयार झाला की टाकायच्या आधी मला पाठव. मी फोन उलटा ठेवून नुसता ऐकीन आणि जिथे कळलं नाही ते लिहून कळवीन. आणि पुढे कधी हातात पैसे आले तर लगेच दुसरा माइक घेऊ नको, आधी एक पक्का स्टँड घे.