हलकी क्रँक पुली : बसवणे सोपे, ठरवणे अवघड

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांकडे एक ठराविक गिऱ्हाईक येत असते. वय वीस-बावीस, वडिलांनी वापरून सोडलेली जुनी होंडा सिटी आणि पिशवीत बाहेरून मागवलेली ॲल्युमिनियमची चकचकीत पुली. "चाचा, एवढी बसवून द्या, गाडी मोकळी होईल." काही मुले तर चाचालाही विचारत नाहीत. रविवारी इमारतीखाली जॅक लावतात आणि स्वतःच उघडतात. काम दोन-तीन तासांचे आहे. इंजिन उतरवावे लागत नाही, हेड उघडावे लागत नाही. म्हणूनच ते हलक्यात घेतले जाते.

ही पुली इंजिनाच्या क्रँक शाफ्टच्या टोकावर असते आणि तिच्यावरून पट्टे अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर यांच्याकडे जातात. काही इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर असतो. कंपनीची पुली लोखंडी, जड, अडीच-तीन किलोपर्यंत भरते. बाजारातली हलकी पुली त्याच्या चौथाई वजनाची. विकणारा सांगतो, फिरणारे वजन कमी झाले की इंजिनाची ताकद वाढते. हे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. मुलाला समजावायचे तर आकडेच समोर मांडावेत.

समजा दोन किलो वाचले आणि पुलीची त्रिज्या सात सेंटिमीटर आहे. भरीव तबकडीचे फिरते जडत्व म्हणजे वजनाच्या निम्मे गुणिले त्रिज्येचा वर्ग. येथे ते ०.००४९ येते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर, म्हणजे ०.२८ मीटर धरली, तर १४ भागिले ०.२८ म्हणजे ५०. त्याचा वर्ग २,५००. त्याने जडत्वाला गुणले की उत्तर येते सुमारे १२ किलो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडीतून १२ किलोचे पोते उतरवावे तेवढा फरक. आता चौथा गिअर घ्या. तेथे प्रमाण ४.२ च्या आसपास, भागाकार १५, वर्ग २२५ आणि उत्तर सव्वा किलोच्याही आत. हजार किलोच्या गाडीत पहिल्या गिअरला सव्वा टक्का आणि चौथ्याला जवळजवळ काहीच नाही. रेस दिल्यावर काटा झटकन वर जातो, सोडल्यावर झटकन खाली येतो, हे खरे आहे आणि मुलांना तेच आवडते. पण एका ठराविक वेगावर स्थिर चालणाऱ्या इंजिनाची ताकद यामुळे वाढत नाही. काही ठिकाणी रोलरवर गाडी पळवून वाढलेली ताकद कागदावर छापून देतात. त्यातले बरेच रोलर जड ढोलाला किती लवकर वेग दिला यावरून ताकद काढतात, म्हणून वाचलेले जडत्व तेथे ताकद बनून दिसते.

काही हलक्या पुल्या मूळ पुलीपेक्षा व्यासानेही लहान असतात. त्यांनी पट्ट्यावरची यंत्रे हळू फिरतात आणि थोडी ताकद खरोखर वाचते. परंतु मुंबई-ठाण्याच्या पावसाळी ट्रॅफिकमध्ये एसी चालू, दिवे चालू, वायपर चालू आणि इंजिन साडेसातशे फेऱ्यांवर उभे, अशा वेळी अल्टरनेटर हळू फिरला तर बॅटरी उतरते. पंप याच पट्ट्यावर असेल तर पाणीही कमी फिरते. रोजच्या गाडीला लहान व्यासाची पुली मी तरी बसवणार नाही.

रबराची कडी कशासाठी?

आता खरा मुद्दा. कंपनीची पुली पुढून नीट पाहा. बऱ्याच इंजिनांत मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये बोटाएवढीसुद्धा जाड नसलेली काळ्या रबराची एक गोल रेघ दिसते. ती रेघ दिसली की समजावे, ही नुसती पुली नाही, हा डॅम्पर आहे. (दुकानात हा शब्द स्पष्ट उच्चारावा. एकदा माझ्या पोऱ्याला दुकानदाराने डंपर ट्रकच्या सामानाच्या गाळ्यात पाठवले होते.)

क्रँक शाफ्ट आपल्याला पोलादाचा ठोकळा वाटतो, पण प्रत्येक सिलिंडर पेटला की त्या धक्क्याने तो किंचित पिळला जातो आणि लगेच उलट उसळतो. ओला कपडा पिळावा तसा, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतका. झोपाळ्याला ठराविक वेळी धक्का दिला की झोका वाढत जातो. तसेच इंजिनाचे धक्के आणि शाफ्टची स्वतःची उसळी यांचा ताल एखाद्या वेगाला जुळला की पीळ वाढत जातो. रबरावर बसलेली जड कडी या उसळीच्या मागे-पुढे राहते, रबर ती ऊर्जा खाते आणि उष्णता करून टाकते. इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अशा डॅम्परची युक्ती काढली होती. तेव्हा सहा सिलिंडरची लांबलचक इंजिने नवीन होती आणि त्यांचे शाफ्ट तुटत. ट्रकच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाच्या पुढच्या टोकाला जो जाड गोल डबा दिसतो, तोही हेच काम करतो. त्यातल्या काहींत रबराऐवजी घट्ट सिलिकॉन तेल असते.

येथे एक घोळ होतो. या भागाला पुष्कळजण बॅलन्सर म्हणतात आणि मग विकणारा म्हणतो, "तुमचे इंजिन आतूनच बॅलन्स आहे, याची गरज नाही." बॅलन्स वेगळा आणि पीळ वेगळा. काही अमेरिकन इंजिनांत, उदाहरणार्थ शेव्हरोलेच्या ४५४ व्ही-८ मध्ये, बॅलन्सचे वजन खरोखर पुढच्या डॅम्परवर असते. तेथे साधी गोल पुली लावली तर गाडी पहिल्याच मिनिटाला हादरते आणि चूक लगेच कळते. आपल्या चार सिलिंडरच्या गाड्यांत तसे नसते. त्यामुळे डॅम्पर काढला तरी सीटवर बसणाऱ्याला काहीच जाणवत नाही. पीळ हा धडधडून सांगणारा दोष नाही. तो क्रँकच्या टोकावर बसणाऱ्या ऑइल पंपाच्या गिअरवर, बोल्टवर आणि चावीवर काम करत राहतो. निसान स्कायलाइनचे आरबी २६ हे सहा सिलिंडरचे इंजिन ऑइल पंपाचे गिअर तुटण्यासाठी शर्यतवाल्यांत बदनाम आहे, आणि ते इंजिन बांधणारे जाणकार चांगल्या डॅम्परवर पैसे खर्च करतात.

चार सिलिंडरचा शाफ्ट आखूड आणि ताठ असतो, त्यामुळे धोका कमी हे मान्य. हलकी पुली लावून वर्षानुवर्षे चाललेल्या गाड्या आहेत. पण १९९५ साली होंडाने जपानमध्ये इंटेग्रा टाइप आर काढली, १.८ लिटरमधून ८,००० फेऱ्यांवर २०० अश्वशक्ती. वजन वाचवण्यासाठी कंपनीने त्या गाडीत किती तरी गोष्टी पातळ केल्या, काढून टाकल्या. रबराची कडी मात्र काढली नाही. माझ्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे.

म्हणून माझा हिशेब असा. मूळ पुलीत रबर नसेल तर हलकी पुली लावायला हरकत नाही. रबर असेल तर रोजच्या गाडीला लावू नये. आणि गाडी शर्यतीची असेल तर हलका पण डॅम्पर असलेलाच भाग घ्यावा, नुसते ॲल्युमिनियम नव्हे.

काम कसे करावे

१९९८ साली भारतात आलेली पहिली होंडा सिटी उदाहरणाला घेऊ. हीच रीत जुनी पुली काढून नवी कंपनीची बसवतानाही लागते. इंजिन थंड असावे, बॅटरीची ऋण तार काढावी. पुढच्या डाव्या चाकाचे नट जमिनीवरच सैल करावेत, मग जॅक लावावा आणि लगेच खाली घोडी द्यावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालू नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना. चाक आणि आतला प्लॅस्टिकचा पडदा काढला की पुली समोर येते. पट्टे कसे गेले आहेत त्याचे चित्र कागदावर काढून मगच ते सैल करावेत.

मधला बोल्ट हे सारे दुखणे. वर्षानुवर्षे बसलेला हा बोल्ट साध्या पान्याला दाद देत नाही. पाना एखाद्या दांड्याला अडकवून सेल्फ मारण्याची युक्ती अनेक गाड्यांना चालते, पण या सिटीला नाही. तिचे इंजिन होंडाच्या जुन्या पद्धतीने पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट फिरते, त्यामुळे सेल्फ मारला तर बोल्ट आणखी आवळला जाईल. २००३ नंतरच्या सिटीचे इंजिन सुलट फिरते, म्हणून एका गाडीची सवय दुसरीला लावू नये. होंडाच्या पुलीत मध्ये ५० मिलिमीटरचा षटकोनी खड्डा असतो. त्यात बसणारे धरणे बाजारात मिळते, कोणताही खरादवाला करूनही देईल. ते अडकवून लांब दांडीच्या पान्याने जोर द्यावा. हवेची गन सोडवायला चालेल, आवळायला नाही.

बोल्ट निघाल्यावर पुली हाताने हलवत ओढावी. टायमिंग कव्हरवर टेकवून पेचकसाने उचकटू नये, कव्हर फुटते. पुलर लावायचा तर मधल्या भागाला. बाहेरच्या कडीला आकडे लावून ओढले की रबर फाटते आणि चांगला डॅम्पर भंगारात जातो. पुली निघाली की मागचे ऑइल सील पाहावे. ओले असेल तर आताच बदलावे, पुन्हा उघडण्याची मजुरी कोण देणार? चावी आणि तिची खाच बोटाने चाचपावी.

मग जुनी आणि नवी पुली टेबलावर शेजारी ठेवावी. भोक, खोली, चावीची खाच आणि पट्ट्याच्या रेघांची संख्या जुळायला हवी. टायमिंगच्या खुणा नव्या पुलीवर आहेत का तेही पाहावे. या सिटीत डिस्ट्रिब्युटर आहे, खुणा नसतील तर पुढे टायमिंग लाइट लावून काय पाहणार?

आता आवळणी. माझ्या उमेदवारीनंतरच्या दुसऱ्याच वर्षी मी एका सिटीची पुली बदलली आणि पान्यात पाइप घालून "अंदाजाने" आवळली. महिन्याभराने गाडी टक-टक आवाज करत आली. बोल्ट ढिला, चावी अर्धी कापलेली, क्रँकच्या नाकावरची खाच रुंद झालेली. इंजिन उतरले, क्रँक बदलला, आणि तो खर्च माझ्या गल्ल्यातून गेला. गिऱ्हाइकाने एक शब्द वाकडा काढला नाही, पण पुन्हा आले नाही. नंतर कळले, असे दुःख कंपन्यांनीही भोगले आहे. १९९० ची आणि १९९१ च्या सुरुवातीची माझदा मियाटा याच आजारासाठी ओळखली जाते. तिच्या क्रँकचे नाक आखूड होते, बोल्ट ढिला झाला की खाच खराब होई. माझदाने पुढे नाक मोठे केले.

या बोल्टला ठरलेला जोर लागतो. होंडाच्या बी मालिकेच्या इंजिनांना तो १७७ न्यूटन-मीटर आहे. आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा आणि टॉर्क पान्याने आवळावे. कोठे तेल लावायचे, कोठे कोरडे ठेवायचे, हेही मॅन्युअल सांगते. तेलाने आवळणीचा आकडा फसतो. टॉर्क पाना महाग वाटतो, पण मी एका क्रँकच्या पैशात असे किती पाने आले असते ते मोजून पाहिले आहे.

पट्टे चढवून ताणावेत. मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण बोटभर रुंदीपेक्षा कमी, ७ ते १० मिलिमीटर दबला पाहिजे. इंजिन चालू करून पुली समोरून नव्हे, बाजूने पाहावी. डोळ्याला डगमग दिसली तर बंद. पाचशे किलोमीटरनंतर पट्ट्यांचा ताण आणि बोल्ट पुन्हा तपासावा.

कमाई कोठे आहे

हलक्या पुलीचे गिऱ्हाईक महिन्यातून एखादे. पण रबर म्हातारे झालेले डॅम्पर रोज रस्त्यावरून जातात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. दहा-पंधरा वर्षांत उष्णता आणि तेलाने रबर फुगते, चिरते, कडी मागे-पुढे सरकते. पट्टा कारण नसताना किंचाळतो, पुली डुलते. तपासायची युक्ती फुकटची आहे : पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मधल्या भागावरून रबर ओलांडून कडीपर्यंत ओढावी आणि आठवड्याने गाडी बोलवावी. रेघ तुटून पुढे-मागे झाली असेल तर गिऱ्हाइकाला ती दाखवावी, बाकी बोलावे लागत नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुना डॅम्पर घेताना रबर नखाने दाबून पाहावे, कडी हाताने फिरवून पाहावी. काही ठिकाणी रबराची रेघ नुसती काळ्या रंगाने काढलेली भरीव पुली डॅम्पर म्हणून गळ्यात मारतात. नखाने लगेच कळते.

त्या सिटीवाल्या मुलाची पुली मी बसवली नाही. त्याच्या मूळ डॅम्परवर पांढरी रेघ ओढून त्याला आठ दिवसांनी बोलावले. आला तेव्हा रेघ तीन बोटे सरकलेली होती. कंपनीचा नवा डॅम्पर बसवला, बोल्ट त्यालाच टॉर्क पान्याने आवळायला लावला. ॲल्युमिनियमची पुली त्याने परत पिशवीत घातली. म्हणाला, "शर्यतीची गाडी घेतली की बघू."