एकाच रबराचे दोन पाइप?

प्रश्न : माझ्या १९९० च्या युनोस रोडस्टर गाडीच्या हीटरचा पाइप गळतोय. तोच रबरी पाइप एसीलाही लावू का?
– एक वाचक, उरायासु

उत्तर : नको! हीटरच्या पाइपातून कमी दाबाने कूलंट वाहतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तो घरीही बदलता येतो. चिकटलेला पाइप ओढू नका, चिरून काढा. हीटरची आतली नळी मोडली तर डॅशबोर्ड उघडावा लागतो, आणि ते दुखणं महाग. एसीत दाब कितीतरी पट जास्त. साध्या रबरातून एसीचा गार करणारा वायू झिरपतो, म्हणून आत नायलॉनचा थर असलेलाच पाइप हवा. तुमच्या गाडीत मुळात आर-१२ हा वायू होता. त्याऐवजी आर-१३४ए भरायचा असेल तर ऑइल, ओ-रिंग, ड्रायरही बदला. जुना वायू मात्र गॅरेजलाच काढू द्या. एसी गार हवा देत असेल, तर त्याच्या पाइपांना तूर्त हात लावू नका.