लोकशिक्षण पाठ : जिल्हा परिषदेला जाब कोण विचारतो?



कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण अहवाल चाळतो, लेखापरीक्षकाचे शेरे वाचतो आणि उभे राहून विचारतो, ‘हा खर्च कशापायी?’ तो आपला हक्कच आहे. पण गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, शिवारातून जाणारा ग्रामीण रस्ता या गोष्टी ज्या जिल्हा परिषदेकडे आहेत, तिचा हिशेब कोण तपासतो?

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आले. कामे खाली आली, पण पैसा मात्र मुख्यत्वे वरूनच येतो. जमीन महसुलावरील उपकर वगैरे स्वतःचे उत्पन्न थोडे, बाकी सरकारी अनुदान. ज्याच्या तिजोरीतून पैसा जातो, त्याने हिशेब मागायचा, हा साधा व्यवहार.

विधिमंडळाची पंचायती राज समिती हे काम करते. तिच्यात दोन्ही सभागृहांचे आमदार असतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेतील आक्षेप आणि जिल्हा परिषदेचा वार्षिक प्रशासन अहवाल पुढ्यात ठेवून समिती जिल्ह्यात येते. मुख्य कार्यकारी अधिकारी व खातेप्रमुख यांची साक्ष होते. निधी अखर्चित का राहिला? आगाऊ रकमा वसूल का झाल्या नाहीत? औषधे खरेदी केली, ती केंद्रात पोहोचली का? सदस्य शाळा आणि दवाखाने प्रत्यक्ष पाहतात. नंतर खात्याच्या सचिवांची साक्ष होते आणि अहवाल सभागृहापुढे जातो.

अखर्चित निधीचा प्रश्न किरकोळ समजू नका. मुदतीत खर्च न झालेले सरकारी पैसे परत करावे लागतात. शाळेची खोली मंजूर झाली, पण कागद टेबलावरच राहिला, तर पैसा माघारी जातो आणि पोरं गळक्या छपराखालीच बसतात.

मार्च 2022 मध्ये राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वसाधारण सभेत उठून विचारणारा सदस्यच राहिला नाही. अशा वेळी आमदारांच्या प्रश्नाला दुप्पट मोल येते.

पण आमदाराला गावची खबर कोण देणार? ती आपणच द्यायची. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात :

1. ग्रामसभा वर्षातून किमान 4 वेळा होते. तिथे कामाचे नाव, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च विचारावा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

2. उत्तर मिळाले नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.

3. हाती आलेला कागद आपल्या आमदारांकडे द्यावा. तोंडी तक्रार हवेत विरते. आकडा आणि तारीख असली की त्यावरून तारांकित प्रश्न विचारता येतो, आणि मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते.

काटा झाल्यावर आपण पावती बघितल्याशिवाय गाडी हलवत नाही. गावच्या कामांचीही पावती तशीच मागायला शिकले पाहिजे.