ऋतुसंधी आणि इंद्रियतृप्ती : 'ऋतुचक्र'मधील चैत्राच्या निमित्ताने

ऋतूची अखेर हा विषय मराठी कवितेत बहुधा विषण्णतेच्या अंगाने आला आहे. बालकवींच्या (१८९०-१९१८) निसर्गकवितेतील उल्हासाच्या मागे उदासीनतेची छाया आहे आणि मर्ढेकरांच्या 'शिशिरागम' (१९३९) या संग्रहाच्या नावातच ऋतूला भावावस्थेचा अर्थ लाभलेला दिसतो. या पार्श्वभूमीवर दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) वेगळे उठून दिसते. येथे ऋतू संपतो; परंतु त्याचा शोक होत नाही. तो का होत नाही, हा प्रश्न समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. 'प्रसन्न ललित गद्य' एवढे म्हणून बहुतेकांनी या पुस्तकाची बोळवण केली आहे.

कालगणनेने शिशिर फाल्गुनात संपतो व चैत्रात वसंत सुरू होतो. प्रत्यक्षात झाडे पंचांग पाहत नाहीत. पानगळ आणि पालवी या दोन्ही घटना फाल्गुन-चैत्र-वैशाखात एकमेकींत मिसळलेल्या असतात, हे भागवतांचे मूळ निरीक्षण आहे. पिंपळाची जुनी पाने गळत असतानाच तांबूस, पारदर्शक वाटावी अशी कोवळी पालवी फुटते. अखेर आणि आरंभ अशा रीतीने एकाच फांदीवर असतील, तर गमावल्याची जाणीव टिकावी कशी? ऋतुसमाप्ती ही येथे रेषा नसून संधी आहे. पुस्तकातील समाधानाचा पहिला आधार हाच होय.

दुसरा आधार इंद्रियांचा. सामान्यतः निसर्गवर्णनात दृष्टीचे राज्य असते. भागवतांचे गद्य मात्र महिन्यांच्या नावांचे उच्चारही कानाने चाखते. फाल्गुन आणि चैत्र या शब्दांच्या नादातील फरक त्यांना महत्त्वाचा वाटतो. कैरी, फणस, कडुनिंब, करंज यांच्याबरोबर रस आणि गंध येतात. 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तकही याच लेखणीतून उतरले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. विशेष म्हणजे ही इंद्रिये निवड करीत बसत नाहीत. पानांच्या उग्र वासामुळे जिला घाणेरी हे नाव मिळाले, तिच्या फुलांचे रंगही येथे मोगऱ्याच्या योग्यतेने पाहिले जातात. पक्ष्यांच्या घरट्यांत कावळ्याचे घरटेही असते. जे आवडते तेवढेच वेचणाऱ्याला ते संपल्याचे दुःख अटळ असते. जे समोर येईल त्याला इंद्रिये मोकळी ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही काही ना काही मिळतेच.

यावर एक आक्षेप संभवतो. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानुसार साहित्याचे माध्यम संवेदना नसून भावनात्मक अर्थ हे आहे. मग संवेदनांची ही समृद्ध नोंद साहित्य ठरते कशी? आक्षेप वजनदार आहे. परंतु 'ऋतुचक्र'मध्ये संवेदना सुट्या राहत नाहीत. पालवीचा स्पर्श, मोहोराचा गंध आणि महिन्याच्या नावाचा नाद यांची परस्परांशी संगती लागते आणि त्या संगतीतून तृप्ती हा भाव सिद्ध होतो. भावनात्मक अर्थ तो हाच. तो संवेदनांवर वरून लादलेला नाही, इतकेच.

इंद्रियसुखाकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला संतपरंपरेने लावली, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान तपासून घ्यावयास हवे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलाच्या रसाळपणासाठी कानांना जिभा फुटतात आणि इंद्रियांत कलह माजतो. विषयांची आसक्ती निषिद्ध मानणाऱ्या ग्रंथातच इंद्रियांच्या तृप्तीची ही प्रतिमा यावी, याचा अर्थ आसक्ती आणि तृप्ती यांतील भेद त्या परंपरेला ठाऊक होता. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने गूळ, मीठ, हिंग, ओव्यासह खाण्याच्या आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ व पन्हे देण्याच्या लोकरीतीतही तो भेद जिवंत आहे. संधीची चव कडू-गोड-आंबट असते आणि ती वर्षातून नेमकी तेव्हाच घ्यायची असते.

तरीही 'ऋतुचक्र'च्या तृप्तीला एक मर्यादा आहे व ती झाकण्याचे कारण नाही. ही पाहणाऱ्याची तृप्ती आहे, राबणाऱ्याची नव्हे. चैत्र म्हणजे पालवी, तसाच तो आटत चाललेल्या विहिरींचाही महिना; कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. या ठिकाणी बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची गाणी शेजारी ठेवून वाचावीत. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी असा त्यांतील ऋतू कामाच्या क्रमाने पुढे सरकतो आणि खळ्यावर येऊन संपतो. उपणणारी बाई वाऱ्याची वाट पाहते. तो वारा घामेजल्या अंगाला सुखवतो आणि भुसा उडवून दाणा वेगळा करतो. तिच्या बाबतीत स्पर्शाचे सुख आणि वर्षभराचे अन्न यांची फारकत करता येत नाही. वारा पडला, की दोन्ही थांबतात.