द्राक्षबागेतील तणकापणी : दोरीचे यंत्र अवघड जागी कसे चालवावे

मांजरी येथे 1997 साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले आणि 2021 मध्ये मांजरी बुद्रुक गाव पुणे महापालिकेत आले. शहर असे बांधाला येऊन भिडले, की खुरपणीला माणूस मिळत नाही. खरड छाटणीनंतर पाऊस लागला की तण कमरेइतके होते. अशा वेळी दोन चाकांवर ढकलत चालवायचे, नायलॉनच्या दोरीने गवत कापणारे यंत्र उपयोगी पडते. दगड लागला तरी त्याचे पाते बोथट होत नाही, कारण त्याला पातेच नसते.

प्रथम बाग पायी फिरून पाहावी. तारेचे तुकडे, सुतळ्या, दगड वेचावेत. तारेचा तुकडा दोरीत सापडला तर गोळीसारखा उडतो. ठिबकची नळी जमिनीवर असल्यास तारेला टांगावी. चष्मा, बूट व जाड विजार घालावी. जवळ मुले येऊ देऊ नयेत.

उंच गवत एका दमात बुडातून कापू नये. ते डोक्याभोवती गुंडाळते व इंजिन दबते. दांडा खाली दाबून डोके उचलावे, आधी वरचा अर्धा भाग छाटावा, मग परत येऊन खालचा. दोरीचे टोकच कापते, म्हणून इंजिनचा वेग पूर्ण ठेवावा व चाल मंद ठेवावी. पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत थांबावे. बांधाच्या उतारावर आडवे चालावे. दोरी उन्हात कडक होऊन सारखी तुटत असल्यास रात्रभर पाण्यात भिजवावी.

आता खरी काळजीची गोष्ट. मणी फुगवण्यासाठी आपण गर्डलिंग करतो ती मोजून काढलेली अरुंद पट्टी असते व ती भरून येते. दोरी खोडाला घासली की साल वेडीवाकडी, रुंद सोलली जाते. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे जाते. साल चहूबाजूंनी गेली तर मुळे उपाशी राहून वेल वाळतो. डॉगरिज खुंटावर कलम केलेल्या नव्या बागेत खोड बोटाएवढे असते, तिथे एक फटकाही पुरतो. म्हणून खोडाभोवती वीतभर जागा खुरप्यानेच स्वच्छ करावी. वेळ वाचवण्यासाठी ही जागा यंत्राला देणे महागात पडते.

गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच कापावे. एका झाडाला हजारो बिया येतात. त्याने अंगाला खाज सुटते, त्यामुळे हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. बी न धरलेले इतर गवत ओळीत आच्छादन म्हणून पसरावे. हराळी व लव्हाळा मात्र यंत्राला दाद देत नाहीत. वरून छाटले तरी काशा व गाठी जमिनीत राहतात. त्या उन्हाळ्यात खणून, वेचून बागेबाहेर काढाव्यात.